थायरॉइड, पाळी आणि दिवस राहणं: तासगाव भागातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय २८, तासगाव तालुक्यातलं गाव, लग्नाला चार वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी नवव्या आठवड्यात गर्भ पडला, त्यानंतर प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते आणि आली की सहा-सात दिवस भरपूर जाते. आता तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ६.८ आलं, अँटी-टीपीओ (याबद्दल पुढे सांगते) पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांनी थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी लिहून दिली आहे. सासूबाईंचं म्हणणं, ही गोळी एकदा लागली की जन्माची लागते. त्यापेक्षा कोबी-फ्लॉवर बंद कर आणि सैंधव मीठ खा. ताईंना विचारायचंय की गर्भ थायरॉइडमुळेच पडला का, गोळी घ्यायची का, आणि मूल होईल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हमी कुणीच देऊ शकत नाही, पण होण्याची शक्यता चांगली आहे. मूल न राहण्याच्या कारणांत थायरॉइड हे सगळ्यात स्वस्तात सापडणारं आणि सगळ्यात सोप्या गोळीने सुधारणारं कारण आहे. अडचण दोन ठिकाणी येते. गोळी वेळेवर सुरू होत नाही, किंवा सुरू असते पण पोटात नीट शोषली जात नाही. आणि याच्या अगदी उलटा प्रकारही मी रोज बघते: एकदा रिपोर्टवर टीएसएच वाढलेलं दिसलं की घरात जे जे बिघडतं ते सगळं थायरॉइडच्या नावावर जमा होतं, आणि बाकीच्या तपासण्या राहून जातात.

आधी थायरॉइडचा पाळीशी संबंध काय ते सांगते. गळ्यातल्या या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा ताबा असतो. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की मेंदू पिट्युटरीला वरून हुकूम सोडतो आणि पिट्युटरी जास्त टीएसएच पाठवते. म्हणून ग्रंथी मंद, तर टीएसएच जास्त. बऱ्याच बायका ‘टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढलं’ असं समजून चालतात, प्रत्यक्षात ते उलटं असतं. आता गंमत अशी की मेंदूच्या त्याच हुकमाने पिट्युटरीतून प्रोलॅक्टिनही जास्त सुटतं. अंगावर दूध पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते ती या प्रोलॅक्टिनमुळे. ते विनाकारण वाढलं तर बीजकोषाला मिळणारा इशारा मंदावतो, बीज वेळेवर फुटत नाही, पाळी लांबते. बीजच फुटलं नाही तर पिशवीचं अस्तर आवरून धरणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर वाढत राहतं आणि शेवटी एकदम ढासळतं. त्यात थायरॉइड बरंच कमी असेल तर रक्त गोठवणारे काही घटकही कमी पडतात. उशिरा येणारी पण आली की थांबत नाही अशी पाळी यातून तयार होते. थायरॉइड जास्त झालं, तर बहुतेक वेळा उलट होतं: पाळी कमी जाते, दोन दिवसांत आटोपते, कधी महिना चुकवते.

पण ताई, ६.८ हे सौम्य आहे. टी-४, म्हणजे ग्रंथी बनवते ते संप्रेरक, नॉर्मल असेल (रिपोर्टमध्ये पाहा, तुम्ही लिहिलेलं नाही) तर याला आम्ही आत दबलेली, अजून उघड न झालेली कमतरता म्हणतो. एवढ्यावर पाळी चाळीस दिवसांवर जाते का? कधी जाते. बऱ्याचदा मात्र सोबत दुसरं काहीतरी असतं, आणि तुमच्या वयात ते बहुधा पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याचा बीजकोषाचा विकार असतो. त्यामुळे प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन या तीन गोष्टी करून घ्या. सहा-सात दिवस भरपूर रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन न बघता नुसत्या थायरॉइडवर बोलणं मला पटत नाही. तिचा थकवा, केस गळणं, धाप लागणं यातलं निम्मं रक्त कमी असल्याने असू शकतं. वजनाचंही असंच. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, त्यात पाण्याचा भाग बराच. पंधरा किलो वाढले असतील तर ते थायरॉइडवर ढकलता येणार नाहीत.

इथे थोडं विषयांतर करते. पस्तिशी-चाळिशीतल्या बायका अंगावरून जास्त जातं म्हणून येतात आणि कुठेतरी त्यांना ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असं आधीच सांगितलेलं असतं. फाईल उघडावी तर टीएसएच केलेलंच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. त्याच भागातल्या टोळ्या दर हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. सगळ्यांना थायरॉइड असतं असं मी म्हणत नाही. पण काही शे रुपयांची रक्ततपासणी केल्याशिवाय पिशवीचा निर्णय कुणीही घेऊ नये, आणि तुम्ही घेऊ देऊ नये.

गर्भ पडण्याबद्दल. दिवस राहिल्याचं कळल्यानंतरही साधारण सहा-सात गर्भांपैकी एक पडतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त वेळा कारण त्या गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. त्यात आईने काय खाल्लं, किती काम केलं, जिना किती वेळा चढला याचा काही संबंध नसतो. उघड हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइडची ठळक कमतरता असेल आणि उपचार नसतील तर गर्भ पडण्याचा, रक्तदाब वाढण्याचा, बाळ लवकर जन्मण्याचा धोका वाढतो हे नक्की. ६.८ टीएसएचने धोका थोडा वाढतो, अँटी-टीपीओ सोबत असेल तर आणखी थोडा. पण ‘त्या वेळी थायरॉइड बघितलं असतं तर बाळ वाचलं असतं’ असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर ते त्याला माहीत असणं शक्य नाही. एकदा गर्भ पडला म्हणून पुढचाही पडेल असंही नाही. बहुतेक बायकांचं पुढचं गर्भारपण नीट पार पडतं.

अँटी-टीपीओ म्हणजे काय, तर शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटली असल्याची खूण. ती पॉझिटिव्ह आहे एवढ्यावर गोळी द्यायची का, यावर पुष्कळ वर्षं वाद चालला होता. ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये निकाल आले. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल, आणि आधी गर्भ पडलेला किंवा मूल राहायला अडचण, अशा या बायका. अर्ध्यांना गोळी दिली, अर्ध्यांना गोळीसारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. जिवंत बाळ झालेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टीएसएच चांगलं असेल तर नुसत्या अँटी-टीपीओसाठी गोळीचा उपयोग नाही, आणि ती तपासणी दर तीन महिन्यांनी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवण्यातही अर्थ नाही. तुमचं तसं नाही. तुमचं टीएसएच वाढलेलं आहे, गर्भ पडलेला आहे, आणि मूल हवं आहे. तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली ती योग्यच दिली. मूल होईपर्यंत टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचं, हा आमचा साधारण बेत असतो.

ही घाई कशासाठी, तर पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास काम सुरू करते आणि पूर्ण भार उचलायला अठरा-वीस आठवडे लागतात. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईच्या रक्तातून जातं. आपल्याकडे बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते तेव्हा पाळी चुकून दोन-अडीच महिने झालेले असतात. रिपोर्ट आला, गोळी सुरू झाली, तिचा परिणाम दिसायला लागला, की तिसरा महिना संपलाच. म्हणून टीएसएच दिवस राहण्याआधी ठीक करायचं.

यात एक गोष्ट मला फार खटकते, ती स्पष्टच लिहिते. लग्न ठरताना मुलीचं थायरॉइड लपवतात. गोळीची बाटली बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून सासरी येते, पहिले काही महिने ती बाहेरच निघत नाही, आणि नेमके त्याच महिन्यांत दिवस राहतात. मुलीच्या आईला मी सांगते, चष्मा आहे हे स्थळाला सांगता ना, तसं हेही सांगा. सांगून मोडणारं स्थळ मोडू दे.

दिवस राहिले की थायरॉइडची गरज चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बहुतेक बायकांना पाव ते निम्मा डोस जास्त लागतो. त्यासाठी एक सोपा उपाय आहे: पाळी चुकून घरच्या किटवर दोन रेघा आल्या की त्याच दिवसापासून आठवड्याला सात ऐवजी नऊ गोळ्या. म्हणजे आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी दोन-दोन. मग डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच करायचं. हे तुमच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, म्हणजे तेव्हा धावपळ नको. त्यानंतर गर्भारपणाचा निम्मा काळ होईपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा तपासणी.

दोन भीती इथेच काढून टाकते. पहिली, ‘गोळीने बाळाला काही होईल’. ही गोळी म्हणजे तुमची ग्रंथी जे टी-४ बनवते तेच, रेणूनरेणू. गर्भारपणात चालते, अंगावर पाजताना चालते. दुसरी, ‘टीएसएच जास्त होतं म्हणजे बाळ मंदबुद्धीचं होणार’. उपचार न झालेल्या ठळक कमतरतेत बाळाच्या बुद्ध्यंकावर परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशा आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात अंकांनी कमी भरला होता. सौम्य वाढीत तसं दिसलेलं नाही. २०१७ च्या अभ्यासात सौम्य वाढीच्या निम्म्या बायकांना गोळी दिली होती, निम्म्यांना नाही; मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली तर काही फरक सापडला नाही. त्यामुळे चार महिन्यांची गरोदर बाई ४.५ टीएसएचचा रिपोर्ट घेऊन रडत येते, तेव्हा मी आधी तिला पाणी प्यायला देते.

पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच कमी येण्याचाही एक घोळ असतो. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये जे संप्रेरक सापडतं ते थायरॉइडलाही थोडं चेतवतं, त्यामुळे टीएसएच आपोआप खाली येतं. उलट्या जास्त असतील किंवा जुळी असतील तर आणखी खाली. लॅबचा कॉम्प्युटर तो आकडा ठळक छापतो आणि घरातलं कुणीतरी ‘आता जास्त झालं, गोळी बंद कर’ म्हणतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता गोळी कशी घ्यायची. माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. पलूसकडची एक बाई आली होती, शेतकरी कुटुंब, दोन म्हशी. फाईलमध्ये डोस २५ वरून ५०, ७५, १०० असा चढत गेलेला, टीएसएच मात्र नऊ, अकरा, आठ असं घोटाळत राहिलेलं. मी म्हटलं, सकाळी उठल्यापासून काय करता ते क्रमाने सांगा. पाचला उठायचं, चूल... म्हणजे गॅस, चहा टाकायचा, आणि चहाबरोबर औषधं ‘एकदाच’ उरकायची. पर्समधून स्टीलची छोटी डबी काढून दाखवली: थायरॉइडची पांढरी गोळी, लोहाची लाल, कॅल्शियमची मोठी, तिन्ही एकत्र. दुधाच्या चहात आणि लोह-कॅल्शियमच्या संगतीत थायरॉइडची गोळी आतड्यातच अडकून पडते, रक्तात फारशी पोचतच नाही. डोस मी वाढवला नाही. गोठ्यात जायच्या आधी नुसत्या पाण्याबरोबर गोळी, धारा काढून झाल्यावर चहा. मध्ये तासभर आपोआप जातो. दोन महिन्यांनी टीएसएच इतकं उतरलं की डोस कमी करावा लागला.

तर: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने. दिवस राहिले की आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतील, त्या दोन्ही घ्यायच्याच आहेत: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम, संध्याकाळी मधल्या वेळेला लोह. आम्लपित्ताचं औषध घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर किंवा मोरीच्या खिडकीत ठेवू नका. उष्णतेने आणि ओलीने गोळीचा जोर जातो. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच करू नका. औषध रक्तात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, आधी केलेला रिपोर्ट दिशाभूल करतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. शरीराला त्या काही करत नाहीत, पण बऱ्याच लॅबच्या यंत्रांना फसवतात.

सासूबाईंच्या कोबीबद्दल. कोबी-फ्लॉवरमधले घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात हे खोटं नाही, पण त्यासाठी ते कच्चे आणि रोज भरपूर खावे लागतात. शिजवलेली भाजी बिनधास्त खा. सैंधवाचं मात्र ऐकू नका. आयोडीनशिवाय थायरॉइडचं संप्रेरक तयारच होत नाही. गर्भारपणात रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, एरवी १५०. म्हणून २००६ पासून देशात खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, आणि घरात पोचलेल्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. सैंधवात आणि साध्या खडेमिठात ते नगण्य. पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं पाहून घ्या, आणि डबा झाकून ठेवा. उपवासाला सैंधव चालेल, रोजच्या आमटीत नको. उलट ‘थायरॉइडसाठी खास’ म्हणून आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्याही नकोत. अँटी-टीपीओ असणाऱ्यांना जादा आयोडीन त्रास देऊ शकतं.

‘जन्माची गोळी’. खरं सांगायचं तर काहींना लागते, काहींना नाही. टीएसएच वीस-तीस असेल, ग्रंथीने हात टेकले असतील, तर ती कायमची. तुमच्यासारख्या सौम्य प्रकारात बाळंतपणानंतर डोस कमी करून किंवा बंद करून बघता येतो. पण कारण ग्रंथीचं दुबळेपण असतं, गोळीची सवय नव्हे. सासूबाईंना शक्यतो एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. फोनवर सुनेने सांगितलेलं आणि समोर डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडे फार फरक पडतो.

थायरॉइड जास्त असणाऱ्या बायकाही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात: थायरॉइड कमी करणारं कार्बिमॅझोल हे औषध चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मूल राहू देऊ नका, पहिल्या तीन महिन्यांत त्याने बाळात व्यंग येऊ शकतं आणि औषध बदलावं लागतं. स्वतःहून बंद करणंही तितकंच वाईट. किरणोत्सारी आयोडीन घेतलं असेल तर निदान सहा महिने थांबा.

बाळंतपणानंतर गोळी बहुतेक वेळा आधीच्या डोसवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करतात. त्यानंतरचं वर्ष मात्र लक्षात ठेवा, कारण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह बायकांमध्ये या वर्षात थायरॉइड पुन्हा उसळी मारतं. साधारण दोन ते सहा महिन्यांत धडधड, चिडचिड, वजन उतरणं. मग काही महिने उलटं, अंग गळून जाणं, रडू येणं, दूध कमी, काही नको वाटणं. माहेरी याला बाळंतपणाची कमजोरी म्हणतात, सासरी आळस म्हणतात, आणि दोन्हीकडे डिंकाचे लाडू वाढवतात. लाडू खा, पण टीएसएचही करा. बहुतेकींचं वर्षभरात पूर्ववत होतं, काहींना पुढे गोळी लागते. बाळाचीही टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करून मागा. हजारात साधारण एका बाळाला जन्मतः थायरॉइड नसतं किंवा कमी असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी नीट वाढते, सहा महिन्यांनी कळलं तर झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. ही तपासणी प्रत्येक दवाखान्यात आपोआप होत नाही, विचारावं लागतं.

आणि ताई, एवढ्या मोठ्या प्रश्नात तुमच्या मिस्टरांच्या एकाही तपासणीचा उल्लेख नाही. दीड वर्ष दिवस राहिलेले नाहीत म्हटल्यावर त्यांची वीर्यतपासणी तुमच्या पुढच्या टीएसएचच्या आधीच व्हायला हवी. सांगली-मिरजेत कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होते, दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळून नमुना द्यायचा असतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो रिपोर्ट, तुमचे जुने सगळे टीएसएच तारखेनुसार लावून, आणि गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या.